चाळीस मिनिटं, दोन सायकली

गेल्या अंकात मी ज्युनियर मुलांच्या सायक्लोक्रॉस (चिखल, वाळू, चढ अशा मार्गावरची सायकल शर्यत) जागतिक अजिंक्यपद शर्यतीवर लिहिलं आणि अपेक्षेपेक्षा जास्त पत्रं आली. नव्या वाचकांसाठी सांगते, मी मूळची कराडची. लग्नानंतर बेल्जियमला आले आणि मेखेलेनजवळ स्थायिक झाले. हिवाळ्यात इथल्या एका क्लबच्या ज्युनियर मुलांच्या पिटमध्ये, म्हणजे सायकल बदलायच्या जागेत, मी मदतीला असते. उत्तरं त्याच अनुभवातून देते आहे.

चिखलात सायकल खांद्यावर टाकून धावत सुटायचं, ही सायकलची शर्यत कशी? मुलांना रस्त्यावर का पळवत नाहीत?
– एक निवृत्त शिक्षक, सातारा

सर, रस्त्यावरच्या शर्यतींमधूनच हा खेळ जन्मला. हिवाळ्यात रस्त्यावरच्या शर्यती बंद असायच्या, तेव्हा पायांची सवय सुटू नये म्हणून सायकलपटू शेतं, ओढे आणि कुंपणं ओलांडत सायकली दामटायचे. फ्रान्समध्ये १९०२ साली याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पहिलं जागतिक अजिंक्यपद १९५० मध्ये पॅरिसला झालं आणि ते जिंकलं झाँ रोबिकने, ज्याने १९४७ ची टूर द फ्रान्स जिंकली होती. ज्युनियर मुलांची वेगळी जागतिक शर्यत १९७९ पासून आहे.

मार्ग अडीच ते साडेतीन किलोमीटरचा असतो आणि त्यावरच फेऱ्या मारायच्या. नियमाप्रमाणे किमान नव्वद टक्के मार्ग सायकल चालवण्याजोगा असावा लागतो. उरलेल्या भागात पायऱ्या, खडा चढ, वाळू किंवा चाळीस सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या आडव्या फळ्या असतात. जिथे चालवण्यापेक्षा धावणं लवकर होतं तिथे पोरं उतरून धावतात. कुठे उतरायचं आणि कुठे रेटून चालवायचं हा निर्णय प्रत्येक फेरीत नव्याने घ्यावा लागतो, कारण पन्नास-साठ सायकली गेल्यावर तीच जागा तशी राहत नाही.

मोठ्या पुरुषांची शर्यत साधारण तासाभराची असते, ज्युनियरांची चाळीस मिनिटांची. हा फरक नुसता कमी दमायचा नाही. सात मिनिटांची एक फेरी धरली तर ज्युनियरांच्या वाट्याला पाच-सहाच फेऱ्या येतात. तासाच्या शर्यतीत पहिल्या वळणावर पडलेला गडी सावकाश माणसं गाठत पुढे येऊ शकतो. ज्युनियरांकडे तेवढा वेळ नसतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते, ज्युनियरांची शर्यत बघायची असेल तर सुरुवातीची रेघ आणि पिट बघा. निकाल बहुतेक वेळा तिथे लागलेला असतो.

ताई, आम्ही आइंडहोवनला राहतो. मुलगा सोळा वर्षांचा आहे, यंदाच ज्युनियर गटात गेला. पहिल्या मोठ्या शर्यतीत दोन फेऱ्या बाकी असताना त्याला पंचांनी बाहेर काढलं. घरी येऊन एक शब्द बोलला नाही. ह्यांचं म्हणणं, आता पिटमध्ये बदलायला दुसरी सायकल घेण्यात पैसे घालू नयेत. काय करावं?
– एक आई

ज्या नियमाने त्याला काढलं तो आधी नीट समजून घ्या आणि त्यालाही समजावा. त्याला ऐंशी टक्क्यांचा नियम म्हणतात. पहिल्या क्रमांकावरच्या खेळाडूला पहिल्या फेरीला जेवढा वेळ लागला, त्याच्या ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त तुम्ही मागे पडलात की पंच थांबवतात. समजा पहिली फेरी सात मिनिटांची झाली, तर पाच मिनिटं छत्तीस सेकंदांची मर्यादा झाली. पुढच्यांच्या वाटेत फेरीभर मागे पडलेले खेळाडू येऊ नयेत एवढाच त्यामागचा हेतू. त्यात अपमान काही नाही. त्याचं नाव निकालात असतं आणि किती फेऱ्या उरल्या होत्या तेही लिहिलेलं असतं. तो कागद काढून ठेवा. पुढच्या वेळी दोनाच्या जागी एक फेरी उरली, तर ती खरी प्रगती आहे आणि मुलाला ती डोळ्यांनी दिसते.

आता वयाचं बघा. सायक्लोक्रॉसचा हंगाम शरद ऋतूत सुरू होतो आणि फेब्रुवारीत संपतो, म्हणून गट ठरतो तो हंगाम ज्या वर्षी संपतो त्या वर्षीच्या वयावर. २०२५-२६ च्या हंगामात २००८ आणि २००९ मध्ये जन्मलेली मुलं ज्युनियर. म्हणजे २००९ च्या डिसेंबरात जन्मलेला पोरगा ऑक्टोबरात पंधरा वर्षांचा असतो आणि त्याच रेघेवर २००८ च्या जानेवारीत जन्मलेला, मिसरूड फुटलेला, जवळजवळ दोन वर्षांनी मोठा मुलगा उभा असतो. या वयात दोन वर्षं म्हणजे केवढं अंतर, हे आईला मी काय सांगणार! तुमच्या मुलाच्या हातात ज्युनियर म्हणून अजून एक पूर्ण हंगाम आहे.

शिवाय तो सुरुवातीला कितव्या रांगेत उभा होता हे विचारा. मोठ्या शर्यतीत आठ-आठच्या रांगा लावतात, गुणांच्या क्रमाने. नवा मुलगा मागच्या रांगेत जातो. सुरुवातीचा पट्टा सहा मीटर रुंद असतो, पुढे मार्ग तीन मीटरांवर येतो आणि पहिल्या वळणावर मागच्या मुलांना अक्षरशः पाय टेकून थांबावं लागतं. पुढचे तोवर निघून गेलेले असतात. मागून निघून दमछाक करत तीस जणांना मागे टाकलेला मुलगा निकालात चाळिसावा दिसतो, आणि घरच्यांना वाटतं पोरगं कमी पडलं.

दुसरी सायकल आत्ता घेऊ नका, इथे तुमच्या यजमानांशी मी सहमत आहे. चाकांची एक जास्तीची जोडी, टायर बसवून, पिटमध्ये ठेवा. पिटमध्ये नुसतं चाक बदलायलाही परवानगी असते, आणि पंक्चर झालं तर तेवढ्याने काम भागतं. क्लबमधल्या एखाद्या मोठ्या मुलाची जुनी सायकल हंगामापुरती मिळाली तर उत्तमच. तेव्हा दोन गोष्टी सांभाळा. सीटची उंची त्याच्या सायकलीएवढी असू द्या आणि पेडल त्याच जातीचं लावा, नाहीतर बुटाच्या तळाची पट्टी पेडलमध्ये अडकणार नाही.

आणि तो बोलला नाही तर बोलू नका. शर्यत संपताच कोरडे मोजे, कोरडी बनियन आणि काहीतरी गरम प्यायला द्या. निकालाची चर्चा दुसऱ्या दिवशी करा, त्याने काढली तर.

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. व्हिडिओत पाहिलं की ही मंडळी शर्यत चालू असताना प्रेशरच्या पाण्याने सायकली धुतात. बेअरिंग जात नाहीत का?
– एक वाचक, कोल्हापूर

जातात! हंगामात बीबी (पेडलचा मधला आस) आणि हेडसेट (हँडल फिरतं तो जोड) यांचे बेअरिंग बदलावे लागतात आणि तो खर्च धरूनच चालावं लागतं. पण धुतल्याशिवाय गत्यंतर नाही. या विषयावर मी रात्रभर लिहीन.

चांगल्या मार्गावर पिट असं बसवतात की एका फेरीत खेळाडू त्याच्या शेजारून दोनदा जातो, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मुलगा घाण झालेली सायकल देतो, स्वच्छ घेतो, निघतो. तो पुन्हा येईपर्यंत माझ्या हातात अर्धी फेरी असते, म्हणजे साडेतीन मिनिटं. त्यात पाण्याच्या मशीनपर्यंत पळायचं, तिथे बाकीच्यांची रांग असते ती धरायची, धुवायची, पुसायची, चेनवर तेल, गिअर वर-खाली करून बघायचे आणि पलीकडच्या बाजूला हात वर करून उभं राहायचं. ज्युनियरांच्या पिटमध्ये पगारी मेकॅनिक थोडेच असतात. आई, बाबा, काका, आजोबा, सगळे रबरी बुटात.

पाणी कसं मारायचं हे तुम्हाला सांगायला मला संकोच वाटतो, पण विचारलंत म्हणून. आधी चाकं आणि पुढचं चाक धरणाऱ्या काट्याची खाच, कारण टायर आणि फ्रेमच्या मधला चिखल चाक अडवतो. मग पेडल, कारण त्यात माती बसली की बूट अडकत नाही आणि मुलाची दहा सेकंदं तिथेच जातात. मग चेन आणि मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग), तोही वरून आणि मागून. हबच्या (चाकाच्या मध्याच्या) किंवा बीबीच्या तोंडावर आडवा फवारा कधीच नाही, पाणी सीलमधून आत शिरतं आणि ग्रीस धुवून काढतं. शेवटी हँडलची पट्टी, ब्रेकचे लिव्हर आणि सीट फडक्याने पुसायची. डिस्क ब्रेकच्या पॅडवर तेलाचा थेंब उडू नये म्हणून चेनला तेल लावताना मागच्या डिस्कसमोर मी फडकं धरते.

सगळ्यात वाईट म्हणजे चिखल आणि गवत एकत्र. गवताच्या काड्या जॉकी व्हीलला, म्हणजे डिरेलरच्या छोट्या चाकाला गुंडाळतात, चेन अडते, मुलगा जोर लावतो आणि डिरेलर फ्रेमला धरणारा हँगर मोडतो. पिट मागे राहिलं असेल तर उलटं यायची परवानगी नाही, पुढच्या पिटपर्यंत सायकल खांद्यावर घेऊन धावावं लागतं. आमच्या क्लबचा एक मुलगा असाच अर्धी फेरी धावत आला. दुसरी सायकल घेऊन गेला तेव्हा शेवटून तिसरा होता, आणि तरी पुढच्या दोन फेऱ्यांत त्याने वेग सोडला नाही. मी त्या पोराच्या बाजूने इतकी ओरडले की संध्याकाळी आवाज बसला.

गोठवणारी थंडी असेल तर वेगळीच पंचाईत. धुतलेलं पाणी केबलमध्ये आणि गिअरमध्ये गोठतं. तेव्हा पाणी कमीत कमी वापरायचं आणि ब्रशने, फडक्याने भागवायचं.

तुमच्याकडची काळी माती आणि इथला चिखल यांत फरक आहे. इथला बराचसा पातळ असतो, पाण्याने झटकन निघतो. काळी माती चाकाला थरावर थर चढत जाते आणि चाक जाम होतं, तिथे मशीनच्या आधी काडीने खरवडावं लागेल. पावसाळ्यात तुम्ही गिऱ्हाइकांच्या सायकली ज्या हातोटीने साफ करता, तशीच माणसं इथे पिटमध्ये हवी असतात.

ज्युनियर जगज्जेता झालेला मुलगा पुढे मोठा खेळाडू होतोच का? आमच्याकडे शालेय स्पर्धेत चमकलेली मुलं पुढे दिसत नाहीत.
– क्रीडाशिक्षक, छत्रपती संभाजीनगर

२८ जानेवारी २०१२, कोक्सायदे. बेल्जियमच्या समुद्रकिनाऱ्यावरचं गाव, मार्गात वाळूच्या टेकड्या. वाळूत हँडल वळवायला गेलं की पुढचं चाक रुततं. वजन मागे ठेवायचं, आधीच्या चाकांनी पाडलेली चाकोरी धरायची आणि पाय थांबवायचे नाहीत. त्या दिवशी ज्युनियरांची शर्यत नेदरलँड्सच्या मॅथ्यू फान डर पूलने जिंकली आणि बेल्जियमचा वाउट फान आर्ट दुसरा आला. दोघेही त्या दिवशी सतरा वर्षांचे. पण मॅथ्यूचा जन्म जानेवारी १९९५ चा, म्हणून त्याचं ज्युनियर गटातलं पहिलंच वर्ष. वाउट सप्टेंबर १९९४ चा, म्हणून त्याचं शेवटचं. मॅथ्यूने पुढच्या वर्षी अमेरिकेत लुइव्हिलला ज्युनियर अजिंक्यपद पुन्हा जिंकलं. तिथे ओहायो नदीचं पाणी चढत होतं म्हणून दोन दिवसांच्या सगळ्या शर्यती एका दिवसात उरकाव्या लागल्या. वाउटला ज्युनियर अजिंक्यपद कधीच मिळालं नाही. तरी पुढे २०१६, २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ तीन वर्षं मोठ्या पुरुषांचा जगज्जेता तोच होता. मॅथ्यूने २०२५ पर्यंत ते अजिंक्यपद सात वेळा मिळवलं. एकाच शर्यतीतला पहिला आणि दुसरा, दोघांनी मिळून पुढे अख्खा खेळ व्यापला.

दुसरं उदाहरण २०१७ चं, लक्झेंबर्गमधल्या बिलेसचं. जमीन गोठलेली. पहिले तिघेही ब्रिटनचे, आणि जिंकला टॉम पिडकॉक. तो पुढे तेवीस वर्षांखालील गटात जिंकला, २०२२ मध्ये मोठ्यांमध्ये जिंकला आणि माउंटन बायकिंगमध्ये टोकियो व पॅरिस अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं घेऊन आला. त्याच देशाचा बेन टुलेट २०१८ आणि २०१९ असा दोनदा ज्युनियर जगज्जेता झाला आणि नंतर रस्त्यावरच्या शर्यतींकडे वळला. तेही यशच आहे.

घराण्याचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो यात आहेच. मॅथ्यूचे वडील आड्री १९९६ चे जगज्जेते, आजोबा फ्रान्सचे नामवंत सायकलपटू रेमों पुलिदोर. २०२० चा ज्युनियर जगज्जेता तिबाऊ नाइस हा स्वेन नाइसचा मुलगा, आणि स्वेन दोन वेळचा जगज्जेता. अशा घरातल्या मुलाला पहिल्या दिवसापासून पिटमध्ये जाणता माणूस मिळतो. सायकल तयार मिळते. टायरमध्ये हवा किती हे त्याला कुणाला विचारावं लागत नाही. रक्तातून काय येतं ते डॉक्टरांनी सांगावं. मला दिसतं ते एवढंच की बाकीच्या मुलांनी या गोष्टी शिकण्यात घालवलेली दोन वर्षं या मुलाची वाचतात, आणि ज्युनियर गट मुळी दोनच वर्षांचा आहे. म्हणून तुमच्याकडच्या चमकलेल्या मुलांबद्दल माझा उलटा प्रश्न आहे: शाळा सुटल्यावर त्यांच्यासोबत कोण उभं होतं?

अलीकडे इटलीची मुलं पुढे आली आहेत. २०२४ ला ताबोरमध्ये स्तेफानो व्हिएत्सी, २०२५ ला लिएव्हाँमध्ये मात्तिया अगोस्तिनाक्किओ. एक गोष्ट मात्र मला अजून सलते. २०२१ मध्ये ऑस्टेंडला कोरोनामुळे ज्युनियरांच्या शर्यती झाल्याच नाहीत. मोठ्यांच्या झाल्या. २००३ साली जन्मलेल्या मुलांचं ते ज्युनियर म्हणून शेवटचं वर्ष होतं. मोठ्या खेळाडूला पुढचं वर्ष असतं, त्या मुलांना ज्युनियर म्हणून ते मिळणार नव्हतं.

इतक्या थंडीत ही पोरं उघड्या पायांनी कशी शर्यत करतात?
– एक आजी, मिरज

आजी, पायांना उष्ण मलम चोळतात, वास निलगिरीच्या तेलासारखा. कापडी पँट चिखलाने भिजून जड होते आणि गार पडते, त्यापेक्षा उघडे पाय बरे. फार कडाका असला तर गुडघे झाकतात. सुरुवातीच्या रेघेवर शेवटच्या क्षणापर्यंत अंगात जाड जॅकेट असतं आणि ते घ्यायला आया कुंपणाशी उभ्या असतात.

ताई, मी सतरा वर्षांचा आहे, नाशिकला राहतो. माझ्याकडे साधी एमटीबी (माउंटन बाइक) आहे. सायक्लोक्रॉसचा सराव इथे कसा करू?

अरे, एमटीबीवर सुरू कर, काही बिघडत नाही. आंतरराष्ट्रीय शर्यतीत टायर तेहतीस मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, सुरुवातीच्या रेघेवर पंच मापाने तपासतात. पण ते पुढचं पुढे. सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडियाच्या राष्ट्रीय एमटीबी स्पर्धेत ज्युनियर गट असतो, तुझं पहिलं लक्ष्य ते ठेव. जिल्ह्याच्या सायकलिंग संघटनेत नाव नोंदव.

सराव उतरण्या-चढण्याचा कर, कारण ते शिकायला पैसे लागत नाहीत. मोकळ्या मैदानावर दोन विटांवर एक काठी आडवी ठेव. सावकाश ये. उजवा पाय सीटवरून मागून फिरवून डाव्या बाजूला आण, क्षणभर डाव्या पेडलवर उभा राहा आणि धावत्या पायांनी उतर. नेहमी डाव्या बाजूलाच उतरायचं, कारण चेन उजवीकडे असते. सायकल उचल, काठी ओलांड, खाली ठेव आणि धावतानाच उडी मारून उजव्या मांडीच्या आतल्या बाजूने सीटवर ये. सीटवर आदळायचं नाही, घसरून बसायचं. सुरुवातीला मध्ये एक अडखळतं पाऊल पडेल, ते जाईपर्यंत वेग वाढवू नकोस. चढावर खांद्यावर घेताना उजवा हात फ्रेममधून घाल, वरचा दांडा उजव्या खांद्यावर टेकव आणि तोच हात पुढे नेऊन हँडल धर, म्हणजे ते तोंडावर आपटत नाही. डावा हात मोकळा ठेव, धावायला लागतो.

टायरमधली हवा कमी कर. इथली मुलं अरुंद टायरमध्येही वीस पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास ठेवतात. तुझ्या टायरमध्ये ट्यूब आहे, त्यामुळे एकदम उतरवू नकोस. दोन-दोन पीएसआय कमी करत जा, रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला की पुन्हा दोन वाढव. प्रत्येक वेळी वहीत लिही: जमीन कशी होती, हवा किती होती.

आणि कुणाच्या उभ्या पिकात शिरू नकोस. पडीक रान बघ आणि मालकाला विचारून जा.

मुलांचं एवढं लिहिता. मुलींची ज्युनियर शर्यत असते का? मी पुण्यात अकरावीत आहे.

असते, पण फार उशिरा सुरू झाली. मुलांना १९७९ पासून मिळालेली जागतिक ज्युनियर शर्यत मुलींना २०२० मध्ये स्वित्झर्लंडच्या ड्युबेनडॉर्फला मिळाली. पहिली विजेती नेदरलँड्सची शिरीन फान आनरॉय. त्याआधी जागतिक स्पर्धेत सतरा वर्षांच्या मुलीला स्वतःचा गटच नव्हता. उतरायचं तर वयाने कितीतरी मोठ्या बायकांबरोबर, तेही पिटमध्ये बहुतेक वेळा एकटे वडील किंवा एकटी आई. आता मुलींसाठीही चाळीस मिनिटं आहेत, तोच मार्ग, त्याच फळ्या. नाशिकच्या मुलाला लिहिलेलं वरचं उत्तर तुझ्यासाठीही आहे. काठी आणि विटा घरी असतीलच. तुझी उंची आणि सायकलच्या फ्रेमचं माप पुढच्या पत्रात कळव, म्हणजे सीट किती वर हवी ते मला सांगता येईल.